टाकलेल्या वस्तूचा धनी कोण?

घरात नवी वस्तू येते तेव्हा तिचे स्वागत होते. सोफा असेल तर तो दिवाणखान्यात कोणत्या भिंतीशी ठेवावा यावर घरातील लहानथोर सर्वांचे मत घेतले जाते. मुले त्यावर बसून, उड्या मारून पाहतात. धर्मगुरू घर आशीर्वादित करण्यासाठी आले की त्यांना मानाने त्याच आसनावर बसविण्यात येते. तीच वस्तू पंधरा-वीस वर्षांनी घराबाहेर पडते तेव्हा मात्र तिच्या निरोपाला कोणी नसते. रात्रीची वर्दळ थांबल्यावर दोन माणसे तिला जिन्यावरून खाली उतरवितात आणि सकाळी ती गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाला टेकून उभी असते. रेक्झिन फाटलेले, आतला पिवळा फोम बाहेर आलेला, एक पाय निखळलेला. येणारे-जाणारे तिच्याकडे पाहून नाक मुरडतात. पण तिचा धनी कोण, हे विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही.

पुण्यासारख्या शहरात हे दृश्य आता नवे नाही. नाना पेठ असो, कॅम्प असो, वानवडी, येरवडा किंवा चिंचवड असो, नाताळापूर्वी किंवा दिवाळीपूर्वी घरे रंगवून झाली की जुन्या गाद्या, सोफे, खुर्च्या रस्त्यावर येतात. रोजचा कचरा नेणारी ढकलगाडी ओल्या-सुक्या कचऱ्यासाठी असते. तिच्यात तीन माणसांचा सोफा मावत नाही. म्हणून तो तेथेच राहतो. प्रश्न क्षुल्लक वाटतो खरा. मोडक्या सोफ्यावर नीतिविषयक लेख लिहावा काय, असेही कोणी विचारील. परंतु माणसाची नीती मोठ्या प्रसंगांत जितकी दिसते, तितकीच ती अशा ठिकाणीही दिसते, जेथे आपल्याला कोणी पाहत नसते आणि जाब विचारणारे कोणी नसते. म्हणून विचारावेसे वाटते की आपण टाकलेल्या वस्तूवरची आपली मालकी नेमकी कोठे संपते? उंबरठ्यावर, गल्लीच्या कोपऱ्यावर, की आणखी पुढे कोठे तरी?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर रोमन कायद्याने दिलेले आहे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने जे कायद्याचे ग्रंथ सिद्ध झाले, त्यांत असा सिद्धांत आहे की मालकाने एखादी वस्तू आपली राहू नये अशा हेतूने टाकून दिली, की तत्क्षणी तो तिचा मालक राहत नाही. मालमत्तेच्या व्यवहारासाठी हा नियम सोयीचा आहे. टाकलेली वस्तू दुसऱ्याने उचलली तर त्याला चोर म्हणता येऊ नये, एवढे त्याचे प्रयोजन. पण आपण नकळत त्या नियमाचे रूपांतर नीतीच्या नियमात करून टाकले आहे. मालकी सुटली म्हणजे जबाबदारीही सुटली, असे आपण गृहीत धरतो. मराठीत त्याला नेमका शब्दप्रयोग आहे : दृष्टीआड सृष्टी.

पवित्र शास्त्र मात्र वेगळी वाट दाखविते. निर्गमच्या ग्रंथात एक नियम आहे. कोणी खड्डा खणला आणि तो झाकला नाही, व त्यात दुसऱ्याचा बैल किंवा गाढव पडले, तर खड्डा खणणाऱ्याने भरपाई द्यावी. त्याच ग्रंथात पुढे म्हटले आहे की कोणी लावलेली आग काटेकुट्यांतून पसरत जाऊन दुसऱ्याचे उभे पीक जळाले, तर आग लावणाऱ्याने नुकसान भरून द्यावे. आणि अनुवादाच्या ग्रंथात नवे घर बांधणाऱ्याला सांगितले आहे की छताला कठडा कर, नाही तर तेथून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. या तीन नियमांत एक समान सूत्र आहे. बैल कोणाचा, पीक कोणाचे, छतावरून पडणारा कोण, हे आधी ठाऊक नाही. तो माणूस शत्रू नाही, मित्रही नाही. तो केवळ पुढे येणारा आहे. तरीही त्याच्या सुरक्षिततेचे ओझे आजच माझ्यावर आहे. हानी व्हावी असा माझा हेतू नव्हता, हे तेथे पुरेसे मानलेले नाही.

आता आपला सोफा या कसोटीवर तपासून पाहू. त्यासाठी त्याच्या आत काय असते हे पाहिले पाहिजे.

आपल्या आजोबांच्या काळची आसने सागवानाची, वेताची किंवा नवारीची असत. गादीत कापूस असे. कापूस दबला की पिंजारी दारावर येई, धनुकलीची तार छेडून तो कापूस पिंजून देई, आणि तीच गादी नव्याने उठून बसे. सोफ्यात काथ्या, गोणपाट आणि लोखंडी स्प्रिंगा असत. त्यांतील जवळजवळ प्रत्येक पदार्थ मातीतून आला होता आणि मातीत किंवा भट्टीत परत जाऊ शकत होता. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने पॉलियुरेथेन तयार करण्याची रीत शोधली आणि १९५० च्या दशकात त्यापासून बनविलेला मऊ फोम बाजारात आला. हलका, स्वस्त आणि आरामशीर. आज आपल्या बहुतेक घरांतील सोफ्यांत व गाद्यांत तोच आहे. त्याने सामान्य माणसाला मऊ आसन दिले, हे त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण तो कुजत नाही, आणि साध्या प्लास्टिकप्रमाणे वितळवून पुन्हा ओतताही येत नाही. पेटला तर मात्र झपाट्याने पेटतो आणि त्याच्या काळ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे दोन विषारी वायू असतात.

याचा धडा जगाने मोठी किंमत देऊन घेतला. ८ मे १९७९ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात वुलवर्थ नावाच्या मोठ्या दुकानाला आग लागली. फोम भरलेल्या फर्निचरच्या धुराने दहा माणसे दगावली. पुढे १९८८ मध्ये ब्रिटनने फर्निचरच्या अग्निसुरक्षेसाठी कडक नियम केले आणि फोम व कापड चटकन पेटू नये म्हणून त्यांत रसायने घालण्याची पद्धत वाढली. काही वर्षांनी लक्षात आले की त्यांतील काही रसायने स्वतःच घातक आहेत. ती नष्ट होत नाहीत आणि प्राणिमात्रांच्या शरीरात साठत जातात. २००९ मध्ये स्टॉकहोम कराराखालील निषिद्ध रसायनांच्या यादीत अशा काही ज्वालारोधकांचा समावेश झाला. भारतानेही २०१८ च्या नियमांनी त्यांवर बंदी घातली. इंग्लंडमध्ये तर २०२३ पासून अशी रसायने असलेले जुने सोफे जमिनीत पुरण्यास मनाई असून ते विशेष भट्टीत उच्च तापमानालाच नष्ट करावे लागतात. एका संकटावरचा उपाय दुसऱ्या संकटाला जन्म देऊ शकतो, आणि ज्या वस्तूवर आपण निवांत बसतो तिची कहाणी आपल्या उठण्याने संपत नाही, एवढे यातून समजून घ्यावे.

आपल्याकडे ही कहाणी पुढे कोठे जाते? गल्लीच्या कोपऱ्यावरचा सोफा पावसात भिजतो. त्याच्या खोलगट जागी पाणी साचते, डास होतात, उंदीर घर करतात. कधी कोणी तो ओढ्याच्या काठावर नेऊन लोटतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराची आठवण पुणेकर विसरलेले नाहीत. पुण्यात व आसपास त्या पावसाने वीसहून अधिक माणसांचे प्राण घेतले. त्या आपत्तीची कारणे अनेक होती. प्रचंड पाऊस होता, आणि ओढ्याचे पात्र अतिक्रमणांनी अरुंद झालेले होते. कोणा एकाच्या गादीवर तिचा दोष टाकणे अन्यायाचे होईल. पण पुलाच्या मोरीत अडकलेली भिजलेली गादी पाण्याची वाट अडविते, हे समजण्यास अभियंता असण्याची गरज नाही. आणि ओढ्याकाठी राहणारी माणसे बहुधा अशी असतात की ज्यांना दुसरीकडे जागा परवडलेली नाही.

कधी सोफा पेटवला जातो. थंडीत शेकोटीसाठी, नाही तर आतील स्प्रिंगांचे लोखंड सुटे करण्यासाठी. तो धूर प्रथम कोणाच्या छातीत जातो? पेटविणाऱ्याच्या, आणि शेजारच्या पत्र्याच्या खोलीतील तान्ह्या मुलाच्या. आणि कधी तो सोफा कचऱ्याच्या गाडीतून शहराबाहेर जातो. पुण्याचा कचरा पूर्वी कोथरूडला टाकला जात असे. १९८० च्या दशकापासून तो उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांकडे जाऊ लागला आणि डेपोची जागा वाढत वाढत १६३ एकरांपर्यंत पोहोचली. तेथील विहिरींचे पाणी बिघडले. ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, आंदोलने केली. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला मोठी आग लागली. त्यानंतर ग्रामस्थांनी सुमारे तीन आठवडे शहराचा कचरा गावात येऊ दिला नाही. तेव्हा कोठे शहराला कळले की 'बाहेर' नावाची कोणतीही जागा नसते. आपले बाहेर हे कोणाचे तरी अंगण असते. पुढे साठलेल्या कचऱ्यावर शास्त्रीय प्रक्रिया करण्याचे काम हाती घेण्यात आले. तथापि ज्यांनी तो धूर तीस वर्षे श्वासात घेतला, त्यांची ती वर्षे कोणी परत करू शकत नाही. निर्गमच्या ग्रंथातील शेतकऱ्याचे उभे पीक ते हेच.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. "आम्ही कर भरतो. कचरा नेणे हे महापालिकेचे काम. प्रत्येक सोफ्याची चिंता नागरिकाने वाहायची तर पालिका कशाला?" यातील पहिला भाग खराच आहे. मोठ्या वस्तू नेण्याची सोपी, परवडणारी व नियमित व्यवस्था शहराने द्यावी, ही मागणी आपण सर्वांनी मिळून केली पाहिजे. ती करणे हेही नागरिकाचे कर्तव्यच आहे. परंतु २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा निर्माण करणाऱ्यावरही बंधन घातले : त्याने तो रस्त्यावर, उघड्या जागी, गटारात किंवा जलाशयात टाकू नये, जाळू नये वा पुरू नये. म्हणजे कायदाही आता रोमन सूत्राच्या पुढे जाऊन मोशेच्या सूत्राजवळ आला आहे. कर भरणे म्हणजे एका कामाचा मोबदला देणे होय. त्यामुळे शेजाऱ्याचे नाते फिटत नाही. घराला कठडा बांधण्याचे काम कोणी नगरपालिकेवर सोपवीत नाही.

दुसरा मार्ग आपल्या लोकांना अधिक प्रिय आहे, आणि तो अधिक नाजूक आहे. तो म्हणजे जुनी वस्तू गरिबाला देणे. वापरण्याजोगी वस्तू गरजूच्या हाती जावी यासारखे चांगले काही नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी शिकविले की मालमत्ता मिळविणे व सांभाळणे हा व्यक्तीचा अधिकार असला, तरी तिचा उपयोग करताना माणसाने ती सर्वांची आहे असे मानावे आणि गरजवंताला सहज द्यावी. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या तरुण मित्रांनी स्थापन केलेली संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आज अनेक धर्मग्रामांत हेच काम शांतपणे करीत असते. पण घरकामाला येणाऱ्या बाईंना आपण "हा सोफा घेऊन जा" म्हणतो, तेव्हा क्षणभर थांबून विचारावे : हे दान आहे, की आपली अडगळ दुसऱ्याच्या डोक्यावर देण्याची युक्ती आहे? सोफ्यात ढेकूण आहेत. स्प्रिंग बाहेर आली आहे. त्यांची खोली दहा बाय दहाची आहे. मालकिणीला नाही म्हणणे त्यांना जड जाते. टेम्पोचे भाडे त्यांच्याच पदरचे. आणि महिन्याभराने तोच सोफा त्यांच्या वस्तीच्या तोंडाशी पडला, तर आपणच म्हणणार की या लोकांना स्वच्छतेची सवय नाही! घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, अशी त्यांची गत होते.

मलाखी संदेष्ट्याने याजकांना नेमक्या याच दोषाबद्दल खडसावले आहे. आंधळे, लंगडे, आजारी जनावर तुम्ही वेदीवर आणता. तेच आपल्या सुभेदाराला भेट देऊन पाहा, तो प्रसन्न होईल काय, असा त्याचा रोख आहे. आपल्याच भूमीतील कठोपनिषदात वाजश्रवस यज्ञाच्या शेवटी दक्षिणा म्हणून म्हाताऱ्या, भाकड, चारापाणी संपलेल्या गाई देऊ लागला, तेव्हा त्याचा लहानगा पुत्र नचिकेता अस्वस्थ झाला. अशा दानाने दात्याला कोणता लोक मिळणार, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहिला. एक कथा यरुशलेमच्या मंदिरातील, दुसरी भारतातील यज्ञमंडपातील. दोन्ही ठिकाणी सत्य एकच आहे. दान दिलेल्या गाईचे दात मोजू नयेत, असे आपण म्हणतो. ती म्हण घेणाऱ्यासाठी आहे. देणाऱ्याने मात्र ते दात अवश्य मोजावेत. ज्या आसनावर आपण धर्मगुरूंना बसविणार नाही, ते प्रभू येशूला देऊ करू नये. आणि लहानातल्या लहानाला दिलेले आपल्यालाच दिले, असे प्रभूने मत्तयच्या शुभवर्तमानात सांगून ठेवलेले आहे.

मग करावे तरी काय? प्रथम, घाईने टाकू नये. सांगाडा सागवानाचा किंवा चांगल्या लाकडाचा असेल तर गादीकाम करणारा कारागीर नवे कापड व नवे भरण घालून तो आणखी पंधरा वर्षे चालवू शकतो, आणि ते पैसे आपल्याच शहरातील एका घराच्या चुलीपर्यंत पोहोचतात. वस्तू धड असेल तर ती स्वच्छ करून, तिचे दोष स्पष्ट सांगून, घेणाऱ्याला खरोखर हवी आहे याची खात्री करून, पोहोचविण्याचा खर्च आपण सोसून द्यावी. मंगळवार पेठेत बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार पुणेकरांना ठाऊक आहेच. एकाची अडगळ दुसऱ्याची गरज कशी होते, हे तेथे जाऊन पाहावे. ढेकूण लागलेली किंवा पुराच्या, गटाराच्या पाण्यात भिजलेली गादी मात्र कोणालाही देऊ नये.

वस्तू खरोखरच संपली असेल तर तिचे भाग वेगळे करता येतात. हे काम हातमोजे घालून, नाकातोंडाला कापड बांधून करावे, कारण आत गंजलेले खिळे, पिना आणि वर्षानुवर्षांची धूळ असते. लाकूड वेगळे, लोखंड वेगळे; लोखंड भंगारवाला आनंदाने नेतो. काथ्या मातीत मिसळतो. निव्वळ कापसाची गादी पिंजून घेता येते. स्वच्छ, कोरड्या फोमचे तुकडे करून, ते दाबून चिकटवून त्यांच्या नव्या गाद्या बनविणारे कारखाने आहेत. उरलेले मात्र जाळू नये. ते अशा हातांकडे द्यावे, ज्यांना ते कोठे न्यायचे हे माहीत आहे.

आणि हे हात पुण्यात आहेत. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि ज्यांना लोक चोर समजून हाकलीत असत, त्या कचरावेचक स्त्रियांना कष्टकरी म्हणून ओळख मिळू लागली. २००८ पासून त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. रोजच्या गाडीत न मावणाऱ्या जुन्या वस्तूंसाठीही या संस्थेने 'व्ही-कलेक्ट' हा उपक्रम चालविला आहे. आपल्या दारी येणाऱ्या ताईंना आधी विचारावे, दिवस ठरवावा, आणि त्या वाहून नेण्याच्या श्रमाचे योग्य दाम द्यावे. चार हजारांच्या चपला घेताना घासाघीस न करणारे आपण येथे पन्नास रुपयांसाठी वाद घालतो, याचा विचार व्हावा. एखाद्या धर्मग्रामाने वर्षातून दोनदा, आगमनकाळाच्या आरंभी आणि उपवासकाळात, अशा वस्तू एकत्र करून त्यांची रीतसर रवानगी करण्याचा दिवस ठरविला, तर वृद्ध व एकट्या राहणाऱ्या कुटुंबांचाही भार हलका होईल. ज्याच्याकडे टेम्पोला पैसे नाहीत आणि ज्याला जिना उतरवत नाही, त्याच्याकडून श्रीमंताइतकीच अपेक्षा करणे न्याय्य नव्हे. समाज म्हणून ते ओझे वाटून घेतले पाहिजे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मधील 'लाउदातो सी' या विश्वपत्रात पृथ्वीचे दुःख आणि गरिबांचे दुःख ही एकाच दुःखाची दोन रूपे असल्याचे जगाला समजावून दिले आणि वापरा-फेका वृत्ती वस्तूंवरून माणसांपर्यंत कशी पोहोचते, याकडे बोट दाखविले. जो वस्तू निर्दयपणे फेकतो तो माणसेही फेकतोच, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण सवय एका ठिकाणी बसून राहत नाही, हे खरे. उपयोग संपला की नजरेआड करायचे, ही रीत एकदा हाताला लागली की वृद्धाश्रमाचे दार फारसे दूर राहत नाही.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. कायद्याची मालकी उंबरठ्यावर संपो. जबाबदारी मात्र वस्तूबरोबर चालत जाते आणि ती स्वेच्छेने स्वीकारणारा, समर्थ असा दुसरा हात भेटेपर्यंत आपलीच राहते. पाच हजारांना जेवू घातल्यानंतर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करण्यास सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून. भाकरी अद्भुत रीतीने वाढविणाऱ्याला तुकड्यांची काय गरज होती? तरीही बारा टोपल्या भरल्या गेल्या, आणि त्या वाहून नेण्याचे श्रम शिष्यांनाच करावे लागले. मेजवानी ही देवाची देणगी होती. आवराआवर मात्र माणसांच्या वाट्याला आली. प्रायश्चित्त संस्कारापूर्वी आपण आपल्या विचारांचा, शब्दांचा, कृतींचा आणि हयगयीचा हिशेब घेतो. त्या हयगयीच्या रकान्यात, गल्लीच्या तोंडाशी गुपचूप ठेवून आलेल्या वस्तूंसाठीही एक ओळ असावी.